सांगणारा : बिराप्पा, मेंढपाळ

पुष्कर : …आणि आता तो माणूस सकाळच्या एस.टी.नं मिरजेला यायला निघालाय. तुमच्याकडे. तात्या, ऐकताय ना?

तात्या : ऐकतोय रे. बिघडलंय ते हृदय, कान शाबूत आहेत. कोण निघालाय म्हणालास?

पुष्कर : बिराप्पा. जत तालुक्यातला मेंढपाळ. आता थोडी डाळिंबाची बागही आहे त्याची. त्याचा मुलगा रविराज गेला हो. फवारताना वारा फिरला, औषध नाकातोंडात गेलं. डॉक्टर वल्लरींनी काल जतला येऊन मला दुकानात फोन केला, सांगलीला. 

तात्या : ही वल्लरी कोण? तिकडच्या दवाखान्यात आपला कृष्णात कंपौंडर होता.

पुष्कर : कृष्णात वारला मागेच. जुने डॉक्टरही गाव सोडून गेले. आता या बसतात तिथे. शहरातल्या आहेत, तिकडची बोली त्यांना अजून धड कळत नाही. म्हणून तर त्या कॉम्प्युटरवर ‘उतारा’, आपला विषांच्या गावठी नावांचा प्रोग्राम, उघडून बसतात.

तात्या : मग उघडला नव्हता का?

पुष्कर : उघडला होता. बापानं सांगितलं, पोरानं ‘मासा’ फवारलाय. बाईंनी ‘मासा’ टाइप केलं. पडद्यावर काय आलं सांगू? ‘ही नोंद उपलब्ध नाही. परवानगीसाठी प्रतिष्ठानकडे अर्ज करावा.’

तात्या : पण ‘मासा’ आहे आपल्याकडे.

पुष्कर : होता.

तात्या : होता काय, आहे. मला स्पष्ट आठवतंय. कृष्णातचंच पोस्टकार्ड होतं ते. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शकुंतलेनं भिंग लावून उतरवून घेतलं होतं.

पुष्कर : काकूंनी उतरवलं, मी कॉम्प्युटरवर चढवलं, आणि तुम्ही सही करून पुण्याच्या त्या प्रतिष्ठानला देऊन टाकलंत.

तात्या : टोमणा मारायला आलायस का?

पुष्कर : नाही. टोमणा मारायचं तोंड मला तरी कुठे आहे? तुम्ही सही केलीत, पण त्या बाईंच्या मशीनवरून ‘मासा’ पुसला तो मी.

तात्या : तू? तू कशाला पुसशील?

पुष्कर : ती दोन हजार सालाची दुरुस्ती होती ना. जानेवारी उजाडला की तारखा उलट्या होणार म्हणून मी सगळ्या दवाखान्यांना नवी फ्लॉपी पाठवली. त्याच्या आधी प्रतिष्ठानच्या वकिलाची नोटीस आली होती. माहिती आता आमच्या मालकीची आहे, कुणाला नक्कल द्यायची नाही, आधी दिलेल्या नकला नष्ट करा. मी घाबरलो, तात्या. घरात नवीन बाळ, दुकान कर्जात. मी नव्या फ्लॉपीत असं लिहिलं की ती घातली की जुनी माहिती आपोआप जाईल. प्रोग्राम राहील, पोट रिकामं.

तात्या : मला का नाही सांगितलंस?

पुष्कर : सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘त्यांचं ते बघतील, मोठी माणसं आहेत.’ सत्काराची शाल अजून खुर्चीच्या पाठीवरच होती तेव्हा तुमच्या.

तात्या : लागलं बरं का ते.

पुष्कर : लागावं म्हणूनच बोललो.

तात्या : बोल. तुला अधिकार आहे. पण एवढं लक्षात घे पुष्कर, मी शालीसाठी सही नाही केली. शाल मागाहून आली. छातीत कळ येऊन पडलो होतो ना, तेव्हा बिछान्यावरून त्या पोस्टकार्डांच्या खोक्यांकडे बघत होतो. वाईचे डॉक्टर, शिराळ्याचे दुकानदार, शिरवळच्या कारखान्यातली नर्स, कुणाकुणाची पत्रं. मनात आलं, मी गेलो की ही रद्दीवाल्याकडे जाणार. आणि नेमके त्याच आठवड्यात ते लोक आले. म्हणाले, आम्ही जपू. तुमचं नाव लावू. संग्राहक म्हणून.

पुष्कर : जपली त्यांनी.

तात्या : हो. कुलूप लावून जपली. साताऱ्याच्या समारंभात माझं भाषण झालं आणि तो अध्यक्ष म्हणाला, ‘हे धन आता सुरक्षित आहे.’ मी टाळ्या वाजवल्या रे. स्वतःच.

पुष्कर : कागद तरी पुरता वाचायचा होता. मी प्रोग्रामच्या पहिल्या पानावर काय लिहिलंय? घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, कुणी अडवणार नाही. पण हे प्रोग्रामपुरतं. आतल्या माहितीवर काही लिहायचं राहूनच गेलं. मला वाटलं, ती सगळ्यांचीच आहे, त्यात लिहायचं काय? जे लिहिलं नाही ते त्यांच्या वकिलानं लिहिलं.

तात्या : अर्ज केला की देतात ना पण ते? मला तसं म्हणाले होते.

पुष्कर : वल्लरीबाईंनी केलाय अर्ज. वर्षाची फी भरली. मग पत्र आलं, जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरांची शिफारस जोडा. ती मिळेपर्यंत पोरगं दारात आलं. त्यांनी तुम्हालाही फोन लावला होता. तिकडची लाइन पावसापासून मेलेली.

तात्या : काय दिलं त्यांनी?

पुष्कर : ॲट्रोपिन. फवारणीच्या दहातल्या आठ पेशंटना तेच लागतं म्हणून.

तात्या : आणि हा उरलेल्या दोनांतला.

पुष्कर : झटके थांबेनात म्हणून जीपमध्ये घालून मिरजेला आणत होते. कवठ्याच्या अलीकडे गेला.

तात्या : हं.

पुष्कर : तात्या, पाणी आणू का?

तात्या : नको. तो माणूस माझ्याशी भांडायला येतोय ना? येऊ दे. नाहीतर असं कर, झोपलेत म्हणून सांग. नको, दवाखान्यात नेलंय म्हण. खोटं वाटणार नाही कुणाला.

पुष्कर : भांडायला आला असता तर मीही दार लावून घेतलं असतं. त्याला कुलूप, प्रतिष्ठान, यातलं काही ठाऊक नाही. वल्लरीबाईंची हिंमत झाली नाही सांगायची. त्याला वाटतंय, नाव त्याचंच चुकलं. आपण भलतं नाव सांगितलं म्हणून भलती सुई दिली गेली आणि पोरगा गेला. बाई म्हणाल्या, तुम्ही पूर्वी सांगितलेली नावं मिरजेला तात्यांकडे गेलीत, तेच सांगू शकतील. म्हणून येतोय. एवढंच विचारायला, की बरोबर होतं का चूक.

तात्या : पूर्वी सांगितलेली म्हणजे?

पुष्कर : ‘मासा’ हे नाव कृष्णातला कुणी सांगितलं होतं, तात्या?

तात्या : थांब. थांब जरा. नोंदीत सांगणाऱ्याचं नाव लिहायचा नियम माझाच. पुढे शंका आली तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून. ‘मासा’ला… अरे देवा.

पुष्कर : तोच.

तात्या : त्याचंच नाव त्याला मिळालं नाही.

पुष्कर : आणि कागदातलं सातवं कलम विसरू नका. संग्रहातली कुठलीही नोंद लेखी किंवा तोंडी बाहेर सांगायची नाही. तुम्हीसुद्धा नाही. म्हणजे त्याला बरोबर होतं म्हणून सांगायचं, तर त्यासाठीही परवानगी मागायला हवी तुम्ही.

तात्या : आयुष्यात मी शब्द मोडलेला नाही कुणाला दिलेला.

पुष्कर : नाव सगळ्यांच्या कामी येईल, हा पहिला शब्द कुणाला दिला होता ते आठवा मग. कृष्णातला, का पुण्याला?

(दारावर थाप पडते. पुष्कर दार उघडतो. खांद्यावर घोंगडी, हातात कापडी पिशवी घेतलेला एक म्हातारा वहाणा बाहेर काढून उंबऱ्याशीच थांबतो.)

बिराप्पा : तात्या डाक्टरांचं घर ह्येच न्हवं? खाली तंबोरं करत्यात त्या मानसानं दावलं.

पुष्कर : हेच. या बिराप्पा, आत या. मी पुष्कर. हे तात्या.

बिराप्पा : रामराम. बसतो हितंच, भुईला. खुर्चीत पाय लोंबत्यात माजं.

तात्या : वर बसा हो. एवढ्या लांबून आलात. चहा टाकायला सांगतो.

बिराप्पा : च्या नगं. सुतकाचं दिस चाललेत आमचं. तुमचं काम न्हाई मोडायचं मला. येकच इचारायचं हाय, इचारून परत फिरतो.

तात्या : कळलं मला सगळं. पुष्करनं सांगितलं. फार वाईट झालं.

बिराप्पा : व्हय. झालं.

तात्या : एकुलता होता?

बिराप्पा : येक पोरगी हाय, दिली शिराळ्याकडं. ल्योक योकच. म्हेंढरामागं न्हाई फिरला त्यो, बागच करीन म्हनायचा. माजा बाप म्हेंढरामागं, मी म्हेंढरामागं. म्हनलं, कर बाबा बाग, तुजं तरी पाय थांबूंद्या येका जागी.

तात्या : हं.

बिराप्पा : तात्या, मी आडानी मानूस. आमच्यात औषदाचं नाव बाटलीवरचं कोन घेत न्हाई. दुकानदार कशातबी वतून देतोय. आमी काय मेलं त्याच्यावरनं नाव ठिवतो. येकदा फवारा मारून पंप वड्यात धुतला, तर डोहातलं मासं समदं उलटं झालं, पांढरी पोटं वर. तवापास्नं त्यो मासा. दुसरा येक हाय, त्यो मारला की बांधावर कावळं पडत्यात. त्यो कावळा. आनि तिसऱ्याला म्हेंढी म्हनतो. त्यो आमी घेतच न्हाई.

पुष्कर : मासा आणि कावळा, दोन्ही होते घरात?

बिराप्पा : त्येच तर. दोनीबी हुतं. छपराच्या आढ्याला टांगल्यालं, सारक्याच दोन बाटल्या. रवीनं त्या दिशी कुठली घेतली ह्ये मी वासावरनं सांगिटलं. डाक्टरीनबाई इचारत हुत्या, काय फवारलं, काय फवारलं. मी म्हनलं मासा. त्यांनी ती टीवी बघिटली, लय येळ बघिटली, मग सुई दिली. सुई दिल्यावर पोरगं ज्यास्तच तडफडाया लागलं. आता सोनिया, माजी सून, ती म्हनती, मामा, तुमी कावळ्याच्या जागी मासा म्हनला.

तात्या : असं म्हणाली ती?

बिराप्पा : येकदाच म्हनली. मग बोललीच न्हाई. भाकर वाढती, पर ताट सरकवून देती. पान्याचा तांब्या हातात देत न्हाई, खाली ठिवती. बराबर हाय तिचं. माज्या मनात बी त्येच येतंय. म्हातारं नाक हाय. घाबऱ्यात काय वास आला आन काय न्हाई. आवं, वड्यातलं मासं खरंच मासं हुतं का बेडूक, हितपातूर डोस्कं फिरलंय माजं.

पुष्कर : तात्या.

तात्या : बिराप्पा, मी विचारतो ते आठवून सांगा. सुई द्यायच्या आधीचं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती का? घामानं भिजला होता?

बिराप्पा : न्हाई. तोंड कोरडंच हुतं. वकला दोन बार. मंग हातपाय वढाया लागला, दात खाल्लं. आमी रुमाल घातला दातात.

तात्या : डोळे पाहिलेत? बुबुळातला काळा ठिपका? मोहरीएवढा बारीक झाला होता का?

बिराप्पा : न्हाई न्हाई. डोळं चांगलं मोठं हुतं. माज्याकडंच बघत हुता की त्यो. मोठं हुतं.

तात्या : आणि हे सगळं सुईच्या आधी?

बिराप्पा : सुईच्या आदी. माळावरनं बैलगाडीत घातला तवाच.

तात्या : मग ऐका. कावळा असता तर लाळ सुटली असती, घाम सुटला असता, बाहुली मोहरीएवढी झाली असती. चाळीस वर्षं मी हेच बघत आलो. तुमच्या पोराला झालं ते ‘मासा’चंच. तुम्ही नाव बरोबर सांगितलंत.

बिराप्पा : खरं सांगताय? का म्हाताऱ्याचं मन राखताय?

तात्या : मन राखायला मला आता जमत नाही. बरोबर होतं नाव.

बिराप्पा : बरुबर हुतं.

पुष्कर : पूर्ण बरोबर होतं, बिराप्पा.

बिराप्पा : बरं झालं. बरं झालं सांगिटलंसा. आता… आता येक मला कळत न्हाई. नाव बरुबर हुतं, तर मग त्या टीवीत का घावलं न्हाई? किष्णात म्हनला हुता, तुजं नाव मिरजेला धाडलंय, आता कुनीबी कुठंबी मासा म्हनलं तर डाक्टरला कळंल. माजी म्हेंढरं मेली तवा समदी नावं लिवून घेतली त्येनं, तवाच म्हनला हुता. मला तवा लय बरं वाटलं हुतं. म्हनलं, म्हेंढरं गेली तर गेली, कुनाच्या तरी कामाला आली.

तात्या : पुष्कर, तू जरा आत जातोस का?

पुष्कर : नाही. मी इथेच बसतो. निम्मं माझंही आहे त्यात.

तात्या : बरं. बिराप्पा, तुम्ही सांगितलेलं नाव आलं होतं माझ्याकडे. मला ते तोंडपाठ आहे. म्हणून दाखवू?

बिराप्पा : म्हना की.

तात्या : ‘मासा. जत तालुका, पूर्व भाग, माळावरच्या वस्त्या. ओढ्यातले मासे मेल्यावरून पडलेलं नाव. अंगात गेल्यास झटके येतात, लाळ-घाम नाही. ॲट्रोपिन देऊ नये, उपयोग नाही. आधी झटक्यांवरचं इंजेक्शन द्यावं, अंग धुवावं, श्वास सांभाळावा, मग हलवावं. सांगणारा : बिराप्पा, मेंढपाळ. लिहून पाठवणारा : कृष्णात, कंपौंडर.’

बिराप्पा : माजं नाव बी घातलंय व्हय त्यात?

तात्या : हो. शेवटी.

बिराप्पा : मग मोडलं कशानं? यंत्र बिघाडलं?

तात्या : यंत्र नाही बिघडलं. मी बिघडलो. मला वाटलं मी मरणार, आणि हा सगळा संग्रह मी पुण्याच्या काही लोकांना देऊन टाकला. त्यांनी त्याला कुलूप घातलं. आता कुठल्या दवाखान्याला यातलं एक नाव हवं असलं तरी आधी अर्ज करायचा, फी भरायची, चिठ्ठ्या जोडायच्या. तुमच्या डॉक्टरीणबाईंनी अर्ज केला होता. चिठ्ठी यायची राहिली होती.

पुष्कर : आणि त्या लोकांनी धमकावलं म्हणून डॉक्टरीणबाईंच्या कॉम्प्युटरवरची जुनी नावं मी पुसली. पावसाळ्याच्या आधी तिथे मासा होता.

बिराप्पा : पावसाळ्याच्या आदी हुता.

पुष्कर : हो.

बिराप्पा : म्हंजी आमच्या गायरानावानी झालं. राखनीला म्हनून येकाला बसवावं, आन त्येनं कुंपनच घालावं.

तात्या : तसंच. राखायला ठेवलेला मी होतो.

बिराप्पा : तुमी इकलं व्हय?

तात्या : नाही, पैसा नाही घेतला. नाव छापतील म्हणाले. नावासाठी दिलं. आणि भीतीपोटी दिलं. ज्यांनी ज्यांनी मला सांगितलं, लिहिलं, त्यांच्यातल्या एकालाही विचारलं नाही. कृष्णातला नाही, तुम्हाला नाही. तसं विचारायचं असतं हे मला सुचलंच नाही, बिराप्पा. माझ्याकडे आलं ते माझं, असंच धरून चाललो.

बिराप्पा : आन झटक्याची सुई, ती बाईंच्या जवळ हुती?

तात्या : असणार. साधं औषध आहे. कपाटात असतंच.

बिराप्पा : कपाटात हुतं.

तात्या : त्यानं वाचलाच असता असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण संधी होती. चांगली संधी होती. हे तुमच्यापासून लपवलं तर मला झोप लागायची नाही.



पुष्कर : बिराप्पा, पाणी घ्या. घ्या ना.

बिराप्पा : व्हय. द्या. तुमी हातात दिलंसा, बरं वाटलं.

तात्या : मला शिव्या घाला हो. 

बिराप्पा : शिव्या दिऊन काय करू? तुमचंबी वय झालंय, माजंबी. कुनाला शिव्या द्यायच्या आन कुनी ऐकायच्या.

पुष्कर : शिव्यांनी होणार नाही, पण एका गोष्टीनं होईल. तात्या, ऐका. माझ्याकडे जुन्या माहितीची एक फ्लॉपी शिल्लक आहे. नष्ट करा म्हणाले होते, नाही केली. तुम्ही मला लिहून द्या, की पत्रं सगळ्यांसाठी म्हणून आली होती, तुम्हाला एकट्याला देता येण्यासारखी नव्हतीच. मी उद्यापासून सगळ्या दवाखान्यांना पाठवतो.

तात्या : लिही काय लिहायचं ते, सही करतो. कोर्टात नेतील तर मला नेऊ देत. तुझं नाव कुठे घालू नकोस, तुझ्या घरात लहान मूल आहे.

पुष्कर : नुसत्या सहीनं नाही थांबणार ते. आठ दिवसांत मनाई आणतील, फ्लॉप्या परत मागतील, आणि डॉक्टर लोक घाबरून देतीलही, मी घाबरलो तसे. त्यांना रोखायचं तर हे पेपरात यायला हवं. मोठ्या अक्षरात. बिराप्पांनी सांगितलेलं नाव बिराप्पांच्याच पोराला मिळालं नाही. एकदा हे छापून आलं ना, तर कुठल्याही वकिलाची हिंमत होणार नाही. बिराप्पा, तुम्ही हो म्हणा फक्त. सांगलीच्या पेपरात माझा मित्र आहे. फोटो नको असला तर नको.

बिराप्पा : पेपरात.

पुष्कर : हो. पुन्हा कुणाचं पोर असं जायला नको म्हणून.

बिराप्पा : पेपर आमच्याकडं येतोय. चावडीवर वाचत्यात. सोनियाला सातवीपातूर शाळा हाय, ती वाचती.

पुष्कर : मग चांगलंच की. तिलाही कळेल, तुमची चूक नव्हती.

बिराप्पा : तेवढंच न्हाई कळायचं, दादा. औषद कपाटात हुतं ह्येबी कळंल. पावसाळ्याच्या आदी झालं असतं तर वाचला असता, ह्येबी कळंल. रवी म्हनत हुता, फवारनी आठ दिस फुडं ढकलू, वारं लय हाय. तीच म्हनली, मारून टाका आजच, मला म्हायेरला जायचंय. आता ती माज्यावर राग धरून हाय तंवर बरी हाय. राग कुनावर तरी टाकाया मिळतोय तिला. त्यो काढून घिटला आन त्याच्या जागी ह्ये ठिवलं, तर ती इहिरीचाच रस्ता धरंल. मला घरात दिसतंय त्ये. तुमाला न्हाई दिसायचं.

पुष्कर : पण मग बाकीच्या गावांचं काय, बिराप्पा? द्राक्षाच्या फवारण्या तोंडावर आल्यात.

बिराप्पा : त्ये तुमी बघा. तुमी शिकल्याली मानसं हायसा, गाठ तुमी मारलीया, तुमीच सोडवा. माज्या रवीला त्यात वढू नगा.

तात्या : नाही ओढणार. पुष्कर, पेपर नाही. विषय संपला. फ्लॉपी पाठव, सही माझी. टिकली तितके दिवस टिकेल.

पुष्कर : टिकणार नाही तात्या.

तात्या : माहीत आहे मला. तरी पाठव. बिराप्पा, तुमच्यासाठी मी काय करू ते सांगा.

बिराप्पा : येक करशीला तर करा. माज्यासंगं घराकडं चला. मी सांगून तिला पटायचं न्हाई, चिठ्ठी दिली तर म्हनंल मामांनी कुनाकडनं तरी लिवून आनली. तुमी डाक्टर हायसा, तुमच्या तोंडानं सांगा. नाव बरुबर हुतं म्हनून.

पुष्कर : एस.टी.चा प्रवास त्यांना झेपणार नाही. मी जीप बघतो.

तात्या : कशीही बघ. मी येतो, बिराप्पा. आजच येतो.

बिराप्पा : पर तेवढंच सांगायचं. नाव बरुबर हुतं, मामाची चूक न्हाई. ती इचारंल, मग वाचला का न्हाई. तर म्हना, त्याच्यावर दवाच न्हवती. असती तरी लागू पडली नसती म्हना.

तात्या : ते खोटं होईल.

बिराप्पा : व्हऊं द्या की. तिचं वय बघा. तिला अजून लय दिस काढायचं हायत.

तात्या : आणि तुम्हाला जे कळलं ते? मी सांगितलं ते?

बिराप्पा : त्ये ऱ्हाईल माज्यापाशी. तात्या, ह्ये तेवढं कुनाला दिऊ नगा.